डीफ्रॅग चालू असताना लाईट गेली

निमोण्याच्या करिश्माला कॉम्प्युटर नीटनेटका ठेवायचा भारी सोस. लग्नाचं शूटिंग करणारी आणि घरी बसून स्वतःच फिल्म जुळवणारी बाई त्या भागात ती एकटीच. त्यामुळं तिच्या टेबलावरचा तो जुना कॉम्प्युटर म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याच्यावर कापडी झाकण, भोवती धुळीचा कण नाही, आणि दुपारची जेवणं झाली की रोज न चुकता डीफ्रॅग.

हे रोजचं डीफ्रॅग तिनं लग्नाआधी शिक्रापूरच्या क्लासमध्ये उचललं होतं. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, की हार्डडिस्कवर एकच फाईल तुकड्या-तुकड्यांनी चार ठिकाणी पडते, मग उघडताना मशीनला ते तुकडे हुडकत फिरावं लागतं आणि मशीन मंदावतं. डीफ्रॅग केलं की सगळे तुकडे एका रांगेत येतात. किती दिवसांनी करायचं, असं एका मुलीनं विचारलं तेव्हा सर पिशवी खांद्याला लावून निघाले होते. "करावं तेवढं चांगलंच," एवढं बोलून ते जिना उतरले. करिश्मानं ते मनात पक्कं धरलं. तिच्याकडच्या प्रोग्रॅममध्ये डिस्क म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची चादर दिसायची. विखुरलेले लाल चौकोन हळूहळू निळ्या रांगेत जाऊन बसताना बघितले, की दिवसभराचं काम मार्गी लागल्यासारखं तिला वाटायचं.

त्या मंगळवारी डिस्कवर खुटबावचं लग्न होतं. सायलीचं, म्हणजे खुटबावच्या बापूसाहेबांच्या मुलीचं.

त्या लग्नात एक गोष्ट घडली होती. बापूसाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ हौसराव यांचं सामाईक विहिरीच्या पाण्यावरनं फाटलं होतं आणि हौसराव शिक्रापूरला खोली घेऊन राहायला गेले होते. कित्येक वर्षं बोलणं नाही की येणंजाणं नाही. लग्नाला ते आले, पण मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले. मुलगी निघाली तेव्हा गाडीकडं जायचं सोडून सरळ त्या खांबाकडं गेली आणि चुलत्याचा हात धरून ओढत घेऊन आली. बापूसाहेब समोर. मग बापूसाहेबांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढला आणि हौसरावांच्या डोक्यावर ठेवला. बास, एवढंच. मागं कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे फोन गाडीकडं वळलेले. करिश्माचा कॅमेरा तेवढा त्या बाजूला चालू राहिला होता.

आणि ज्या बाईनं हे बघायला पाहिजे होतं, ती लग्नात नव्हतीच. दोघांची आई पुतळाबाई खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडली होती. घरच्यांनी तिला सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसत नव्हता. "मला बरं वाटावं म्हून सांगताय," असं ती म्हणायची.

करिश्मानं सगळं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. पुढं एक हळद होती, म्हणून कॅमेऱ्याची कार्डं पुसून त्यांच्यावर ती हळद घेतली. म्हणजे तो फेट्याचा प्रसंग आता जगात एकाच ठिकाणी होता.

दुपारी तिनं डीफ्रॅग लावलं आणि भांडी घासायला मागं गेली. चौथं पातेलं हातात असताना शेतातल्या पाण्याच्या मोटारींचा आवाज बंद पडला. लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती. ती हात न पुसताच आत आली, तर पडदा काळा.

लाईट आली, पुन्हा गेली, पुन्हा झपकन आली. करिश्मानं बटन दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. आतून आवाज आला, टक्. पुन्हा दाबलं. टक्, टक्. कुणी आतून दार वाजवावं तसा.

तिच्या डोळ्यांपुढं ते लाल चौकोन आले. अर्ध्या वाटेवर, ना जुन्या जागी, ना नव्या. आणि डिस्कवर सगळ्यात मोठ्या फाईली खुटबावच्याच होत्या, म्हणजे हलत असणार त्याच.

तेवढ्यात फोन वाजला. बापूसाहेब.

"करिश्माताई, आईला आज घरी आणलं बरं का. सारखी इचारतीया, फिल्म कवा येणार. कवा जमंल?"

"जमंल, बापूसाहेब. करते मी," ती म्हणाली. फोन ठेवला आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसली.

नवरा दत्ता कारखान्यात पहिल्या पाळीला होता. त्याला फोन लावला तेव्हा तो सुटून गेटाबाहेर पडत होता.

"अहो, डीफ्रॅग चालू होतं आन् लाईट गेली. सगळं अर्ध्यात ऱ्हायलं. टकटक करतंय."

"आता बटन दाबू नको. हात लावू नको त्याला," दत्ता म्हणाला. "दौंडला रोहिदास हाय, माझ्याबरोबर आयटीआयला व्हता. स्टेशनजवळ दुकान हाय त्याचं. मी फोन करतो, तू निघ. का मी येऊ?"

"तुम्ही येईस्तवर दुकान बंद व्हईल. मी जाते."

तिनं कॅबिनेट सोलापुरी चादरीत गुंडाळलं, स्कूटीवर पायांच्या मधे उभं केलं आणि निघाली. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. प्रत्येक खड्ड्याला ती गुडघे आवळून कॅबिनेट धरायची, जसं काही आत दूध भरलंय आणि ते हिंदकळेल. पारगावच्या पुलावर ती थांबली. खाली भीमेचं पाणी शांत होतं. चादर नीट केली. पुतळाबाईंना काय सांगायचं, याचा विचार तिथं केला. तोंडानं सांगितलेलं तर त्या ऐकूनच बसल्या होत्या. आता आणखी कुणी तोंडानं सांगायचं?

रोहिदासचं दुकान म्हणजे एका अरुंद जिन्याखालची खोली, चहूबाजूंनी उघडे पडलेले कॉम्प्युटर. त्यानं चादरीतलं ओझं तिच्या हातातनं घेतलं.

"वहिनी, आधी बसा. पाणी प्या."

"भाऊजी, मी डीफ्रॅग लावलं होतं. मधीच लाईट..."

"दत्तानं सांगितलं समदं. आवाज कसला येत व्हता, एवढंच सांगा. खरखर का टक्टक्?"

"टक्. थांबून परत टक्."

"आन् पंखा?"

"फिरल्यासारखा करतो आन् थांबतो."

रोहिदास "हं" म्हणाला. स्क्रू काढले, हार्डडिस्क बाहेर ओढली, उलटीसुलटी करून बघितली आणि आपल्या टेबलावरच्या मशीनला जोडली. करिश्मानं खुर्चीची कड घट्ट धरली. त्यानं बटन दाबलं.

टक् झालं नाही. आधी काहीच झालं नाही. मग एक बारीक गुणगुण सुरू झाली, गिरणी लांबून ऐकू यावी तशी, आणि थांबलीच नाही.

"ऐकलं? फिरतीया ना नीट," रोहिदास म्हणाला.

पडद्यावर फोल्डर उघडले. हळद, बारसं, निमोण्याची जत्रा. आणि खाली खुटबाव. रोहिदासनं माउस तिच्याकडं सरकवला. घाईत पहिल्यांदा भलतंच उघडलं, सायलीच्या मैत्रिणी आइस्क्रीम खाताना. दुसऱ्यांदा बरोबर लागलं. मांडवाचा खांब, ओढत नेणारी मुलगी, मग फेटा एका डोक्यावरनं दुसऱ्या डोक्यावर जाताना. एकही चित्र अडकलं नाही.

करिश्माच्या तोंडून आधी हसू बाहेर पडलं आणि मागोमाग रडू. ते दोन्ही थांबेपर्यंत रोहिदास शहाण्यासारखा पाठ फिरवून कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसला.

"मग झालं काय होतं?" तिनं पदरानं तोंड पुसत विचारलं.

"ह्यो एसएमपीएस गेला. आत सगळ्यांना वीज वाटणारा डबा. लाईट झपझप आली-गेली, त्यात उडाला. डिस्कला पुरती वीज मिळंना, ती बिचारी उठायची आन् पडायची. तो टक्टक् तिच्या उठण्या-पडण्याचा. डबा बदलून देतो आत्ताच."

"आन् डीफ्रॅग अर्ध्यात तुटलं त्याचं?"

"त्याचं काय न्हाई. तुकडा नव्या जागी पुरता लिहून झाल्याबिगर मशीन जुनी जागा सोडत न्हाई. मधी लाईट गेली तरी जुनं जाग्यावर असतंय. मुद्दाम बंद करू नका, पण गेली म्हणून घाबरूबी नका." मग डिस्कनं आजवर किती काम केलं, त्याचा पडद्यावरचा आकडा बघून तो थबकला. "वहिनी, पण ही डिस्क लई पळालीया. किती दिवसांनी करता डीफ्रॅग?"

"रोज."

"रोज?"

"क्लासच्या सरांनी सांगितलं होतं."

तो हसला, पण चिडवल्यासारखा नाही. "रोजची काय गरज न्हाई. उगं डिस्कला पळवायचं. विंडोज आपलं आपण आठवड्याला बघून घेतं. तुम्ही दोन-तीन महिन्यांनी एकदा डोकवा. दहा टक्क्यांच्या वर तुकडे दिसले तर करा, न्हाईतर सोडून द्या. तुमचं मशीन मंद होत असंल तर ते तुकड्यांनी न्हाई, डिस्क गच्च भरलीय म्हणून. जरा मोकळी ठेवा. आन् पुढं एसएसडी, ती नवी चिपवाली डिस्क घेतली, तर तिला डीफ्रॅग लावूच नका. तिच्यात फिरणारं काय नसतंय, हुडकायला वेळ लागत न्हाई."

"मग रोज काय करू?" करिश्मानं विचारलं. दुपारची ती वेळ आता मोकळी पडणार, हेच तिला आधी सुचलं.

"रोज करायचं तर कॉपी करा. दुसऱ्या डिस्कवर. एका घरात सामान कितीबी नीट लावलं, तरी ते एकाच घरात ना?"

तिला ते इतकं साधं वाटलं, की आपल्याला आजवर का सुचलं नाही, याचं नवल करत ती बसून राहिली. रोहिदासनं नवी डिस्क लावली आणि सगळं कॉपी होईपर्यंत दोघांनी चहा घेतला. कॉपी झाल्याचा आवाज आला तेव्हा तिनं खुटबावचं फोल्डर नव्या डिस्कवरही उघडून बघितलं. फेट्याचा प्रसंग तिनं पेनड्राईव्हवर वेगळा घेतला आणि वाट वाकडी करून खुटबाव गाठलं.

बापूसाहेबांनी पेनड्राईव्ह टीव्हीला लावला. पुतळाबाई बैठकीत पलंगावर उशांना टेकून होती. चष्मा नाकावर चढवून ती पुढं वाकली. फेटा डोक्यावरनं डोक्यावर गेला.

"परत लाव," म्हातारी म्हणाली.

परत लावलं. आता ती रडेल, असं करिश्माला वाटलं. पुतळाबाईनं चष्मा काढून पुसला आणि करवादून म्हणाली, "हौसा किती वाळलाय बघा की. बापू, तो जेवतो का न्हाई, कुणी इचारलं का त्याला?"

बापूसाहेबांनी मान खाली घातली. लग्नापासून त्यांनीही फोन केला नव्हता. फेटा ठेवला खरा, पण पुढं काय बोलायचं ते कळलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ते फोन घेऊन अंगणात गेले. दारातून आवाज येत होता, आधी चाचपडत, मग मोकळा.

"हौसा, मी बोलतोय, बापू. न्हाई, काय झालं न्हाई. आई इचारतीया, तू जेवतोस का नीट... व्हय, घरी आणलंय तिला. रविवारी ये मग. अरं, ये की. विहिरीचं राहू दे, आई वाट बघतीया."

करिश्मानं दत्ताला फोन लावला. "अहो, सगळं हाय. एकबी फाईल गेली न्हाई," एवढंच ती बोलली. तिकडून दत्ता "हुश्श" म्हणाला, ते इथं शेजारच्याला ऐकू गेलं.

निघते म्हणाली तर बापूसाहेबांच्या बायकोनं हात धरून बसवलं. समोर पिठलं, बाजरीची भाकरी, कच्चा कांदा आला. दुपारच्या जेवणानंतर पोटात फक्त दौंडचा चहा आहे, हे करिश्माला पहिल्या घासाला कळलं. दुसरी भाकरी ताटात पडली, तिनं नको म्हटलं नाही. पलंगावरून पुतळाबाई टीव्हीच्या रिमोटवर बोट फिरवत सुनेला विचारत होती, हे परत लावायचं बटन कुठलं.