एका कॅसेटवर दोन झेंडे

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आवाज घोगरा आहे, पण सांगतो ते खरं आहे. मी जळकुटा आहे, आणि माझ्या जळण्यानं पांढुर्ण्यातल्या या घरात दोन माणसांची सगळी मेहनत पाण्यात गेली.

१९८१ साली मंगलाच्या लग्नात मी तिच्या सौंसरच्या माहेराहून इथे आलो. नवरा सुखदेव नगरपालिकेत बाबू. घरात माझी भारी ऐट होती! क्रोशाचं झाकण फक्त मलाच. मंगला चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी स्वतः गाणी रचायची, मी ती टिपून घ्यायचो, आणि शेजारच्या यमुनाबाई ऐकायला दारात येऊन बसायच्या.

मग १९८६ साली तो आला. सौंसरच्या शाळेत गणित शिकवणारे हेमंत सर त्याला पिशवीत घालून घेऊन आले. काळा, चपटा, रबरी बटणांचा संगणक. त्याला पडदा म्हणून टीव्ही लागे; टीव्ही सुखदेवच्या घरी, म्हणून मुक्कामही इथेच. सुखदेव आणि सर मिळून त्याच्यावर खेळ बनवू लागले. दर रविवारी सर बसनं येत, मंगला चहा करी, आणि दोघं त्याच्यासमोर मांडी घालून बसत.

माझं झाकण काढून त्याला घातलं, त्या दिवसापासून मी जळायला लागलो. वर गंमत अशी, की बंद केला की हा पठ्ठ्या सगळं विसरायचा! त्याचा खेळ कॅसेटवर मी जपायचो, दुसऱ्या दिवशी मीच त्याला आठवण करून द्यायचो. त्या खेळाचा आवाज म्हणजे नुसती किंचाळी. गाणी गेली आणि माझ्या नशिबी ती आली. कौतुक मात्र त्याचं.

पहिला खेळ संत्र्याच्या बागेतल्या माकडाचा. थोड्या कॅसेट खपल्या, मग लोकांनी एकमेकांकडून उतरवून घेतल्या. नागपूरची दुकानं तर विदेशी खेळांच्या नकलांनी भरलेली. यांना कोण विचारतो?

दुसरा खेळ गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे एकमेकांवर फेकलेले दगडच दगड. खेळात दगड चुकवत झेंड्यापर्यंत पोचायचं. आठ महिने खपले दोघं त्यावर.

"सुखदेवभाऊ, हा नाही चालला तं आपलं दुकान बंदच समजा," सर म्हणाले. नागपूरचा एक दुकानदार पंधरा एप्रिलला खेळ पाहायला येणार होता.

खेळाच्या दोन प्रती होत्या. एक मी मार्चमध्येच चावली. चुकून नाही. उरलेल्या कॅसेटवर सुखदेवनं 'झेंडा' असं लिहिलं, पुसली जाऊ नये म्हणून तिची मागची खुंटी मोडली, आणि कपाटात ठेवली.

तिकडे मंगला आठवडाभर विचारत होती, "अहो, माह्या गाण्यासाठी कॅसेट ठेवली का नाही?"

"ठेवतो ना," सुखदेव टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा.

जयंतीच्या दिवशी दुपारी तिनं कपाट उघडलं. तिचं नवं गाणं निळ्या झेंड्याचं होतं, आणि समोर 'झेंडा' लिहिलेली कॅसेट. ती किती खूश झाली! मोडलेल्या खुंटीच्या जागी तिनं कागदाचा बोळा कोंबला. जुन्या कॅसेटवर पुन्हा टिपायचं तर सगळे तसंच करतात.

बोळा सैल होता. मी जरा अंग झटकलं असतं तर तो पडला असता आणि माझं लाल बटण दाबलंच गेलं नसतं. मी झटकलं नाही. मला गाणं हवं होतं. कॅसेट मिनिटभर पुढे सरकलेली होती, तिथूनच तिचं गाणं खेळावर चढलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. खेळ माझ्यातून संगणकात चढू लागला आणि मिनिटभरात अडला. सुखदेवनं माझी संगणकाला जोडलेली वायर उपसली. माझ्या तोंडून मंगलाचा आवाज आला, स्वच्छ, सुरेल.

दारात उभ्या मंगलाचा चेहरा उतरला. "तुमीच तं लिवून ठेवलं होतं ना, झेंडा म्हणून? मले वाटलं, माह्यासाठी."

दुकानदार चहा पिऊन उठला. "पुन्हा बनवू," सर म्हणाले खरे, पण जूनमध्ये त्यांची छिंदवाड्याला बदली झाली. संगणक पुन्हा पिशवीत गेला. जाताना त्याचं झाकण मला मिळालं.

म्हणजे मी जिंकलो. आता १९८९ चाललंय आणि घरात मी एकटाच आहे. पण मंगलानं नवं गाणं रचलेलं नाही. सुखदेव कचेरीतून आला की तीच कॅसेट लावतो. गाण्याच्या आधी गोटमारीची मिनिटभराची किंचाळी तेवढी उरली आहे. ती तो डोळे मिटून ऐकतो. आत भाकरी थापणारी मंगला हात थांबवते, वाट पाहते. किंचाळी संपते, आणि गाणं सुरू व्हायच्या आत सुखदेव बटण दाबतो.

आता मी त्या एका मिनिटावर जळतो. सुखदेव, बोळा मी पाडला नाही, तिचा काही दोष नाही. एकदा, फक्त एकदा, बटण दाबू नकोस. ती आत थांबली आहे रे.