माझ्या अंगावर लिहिलेलं ‘रोज’

मी औषधाच्या दुकानातली खाकी कागदाची पिशवी बोलतेय. तळहाताएवढी. आमच्यातल्या बहुतेकींचं आयुष्य गोळ्या संपेपर्यंत असतं, मग चूल नाहीतर उकिरडा. मी अजून शाबूत आहे आणि संतापलेली आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

एका बाईनं खळीचं बोट फिरवून मला चिकटवलं आणि शंभराच्या गठ्ठ्यातून मी मुरुम गावी शंभुलिंगच्या औषधाच्या दुकानात आले. तिथं मी माणसं पाहिली. चिठ्ठी पुढं सरकवायची आणि गप्प उभं राहायचं. भाजी घेताना दहा प्रश्न विचारणारी बाई औषध घेताना एकही विचारत नाही.

दैवशालानं मात्र विचारलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं बोल तिलाच लागला.

बावन्न वर्षांची ही बाई. दोन वर्षं तिची बोटं सकाळी सुजून ताठ व्हायची. भाकरी थापता येईना, शेळीचं दूध काढता येईना, पोलक्याचे हूकसुद्धा सून वैष्णवी लावून द्यायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक पिवळी, जोरकस, आठवड्यातून फक्त सोमवारी. दुसरी, त्या पिवळीचा त्रास कमी व्हावा म्हणून, बाकीच्या दिवशी. त्यांनी ते सांगितलंही, पण अर्धं इंग्रजीत, दाराकडं बघत, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता.

“अण्णा, कवा कवा घ्यायच्या?” तिनं दुकानात विचारलं.

शंभुलिंगच्या कानाखांद्यात फोन दाबलेला. “लिहून देतो की,” म्हणाला, आणि दोन्ही पिशव्यांवर एकच ओळ ओढली: रोज १, जेवणानंतर. पिवळ्या गोळ्यांची पट्टी माझ्या पोटात गेली.

घरी तिनं मला देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. जेवण झालं की मला लांब धरायची, अक्षराखाली बोट फिरवून वाचायची आणि गोळी घ्यायची. एक दिवस चुकवला नाही. मी खोटं बोलत होते आणि ती माझ्यावर विश्वास ठेवत होती.

पाचव्या दिवशी जीभ चरचरू लागली. सातव्या दिवशी तोंडभर फोड. नवरा रामकिसन म्हणाला, औषध गरम पडलं, ताक पी. जाऊबाई विठाबाई म्हणाल्या, चांगलं औषध आधी त्रास देतंच, सोडू नको. दैवशालानं सोडलं नाही. ताकाच्या घोटाबरोबर, डोळ्यांत पाणी आणून, ती गोळी गिळायची. कुणालाही दुकानात फोन करावासा वाटला नाही.

नवव्या दिवशी ताप चढला, दंडावर काळेनिळे डाग उठले. तेवढ्यात नातवाच्या लसीचं सांगायला गावची आशा कार्यकर्ती वर्षाराणी आली. तिनं गोळ्या मागितल्या. पट्टीच्या पाठीवर लाल चौकटीत बारीक इंग्रजी होतं. तिनं ते वाचलं, मग मला वाचलं.

“काकू, ही आठवड्याला एकच घ्यायची गोळी हाय. तुमी किती घेतल्या?”

“रोज एक. नऊ झाल्या.”

लगेच जीप केली. सोलापूरच्या दवाखान्यात कळलं की तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्यात की साधी सर्दीही जिवावर बेतेल. चौदा दिवस ती खाटेवर होती. केस झुपक्यांनी गळाले. वैष्णवी चमच्यानं पाणी पाजायची आणि तेही रक्ताळून बाहेर यायचं. ती वाचली. थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर रामकिसन सगळी औषधं चुलीत घालायला निघाला, माझ्यासकट. तिनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. गोळी वाईट नव्हती. ठरल्या दिवशी घेतली, वरचेवर रक्त तपासलं, तर लोकांचे सांधे वाचतात, हे डॉक्टरांनी या वेळी बसून समजावलं होतं. पहिल्या वेळी का नाही बसले, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

मग ती दुकानात गेली. मला काउंटरवर ठेवलं. शंभुलिंगनं स्वतःचं अक्षर ओळखलं, चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते असं: “पट्टीवर छापलंय की वयनी. वाचून घ्यायचं असतं.”

“म्या वाचूनच घेतल्या,” ती म्हणाली. “तुमी लिहिलेलं वाचून.”

तो हलक्या आवाजात म्हणाला, इतक्या वर्षांची ओळख आहे, पिशवी ठेवून जा, बघू काय ते. आणि त्याची बोटं माझ्याकडं सरकली. तिची वाकडी बोटं आधी पडली.

“हात काढा, अण्णा.”

आता मी धाराशिवला, ग्राहक आयोगात तिनं केलेल्या तक्रारीच्या फाइलीत आहे. अंगातून टाचणी गेलीय. निकाल लागलेला नाही. शंभुलिंग हल्ली वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहितो म्हणे. लिहू दे. दैवशालाचे केस अजून धड आलेले नाहीत, आणि माझा राग तसाच आहे.

तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून दटावूनच सांगते. गोळी कोणती, कोणत्या वारी, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे तोंडानं वदवून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दुकानदार वैतागेल. मागची रांग कुरकुर करेल. करू द्या.