भोंग्याची चार मिनिटं

१९९९ चा रमजान. मिरजेच्या एका मोहल्ल्यात रोजा सोडायचा भोंगा याकूबचाचा वाजवत, आणि मनगटावरचं घड्याळ लावून घेत ते शेजारच्या स्वप्नाच्या कॉम्प्युटर क्लासातून. मशिदीचं लंबकाचं घड्याळ चुकेल, कॉम्प्युटर कसा चुकेल, अशी त्यांची समजूत.

दहाव्या रोज्याला संध्याकाळी स्वप्ना धावत आली. "चाचा, माझा कॉम्प्युटर चार मिनिटं मागं आहे. आज इंटरनेट आलं, त्यावरून खरी वेळ घेतली, तेव्हा कळलं."

चाचांनी मनात हिशेब केला. पहाटे खाणं थांबवायचा भोंगा ते दहा मिनिटं आधीच देत, तिथं धोका नव्हता. पण रोज संध्याकाळी तीनशे माणसं त्यांच्यापायी जास्त वेळ उपाशी बसली होती. मग दुसरंच काही त्यांच्या ध्यानात आलं.

"मागं होतं म्हून वाचलो, पोरी. पुढं असतं तर समद्यांचे रोजे वाया गेले असते."

काटा पुढं सरकवता सरकवता त्यांनी विचारलं, "ही खरी वेळ देतो कोण?"

"लांब परदेशात एक घड्याळ आहे, चाचा. कुणीही विचारावं, ते सांगतं. बदल्यात काही मागत नाही."

"आन् ते सांभाळणारा?"

"ते नाही ठाऊक."

भोंगा वेळेवर वाजला. खजूर हातात धरून चाचा थांबले. रोज ते घरच्यांसाठी दुआ मागत. आज पहिली दुआ त्यांनी त्या माणसासाठी मागितली, ज्याला मिरज कुठं आहे हेही ठाऊक नसेल.