कच्चं सिमेंट

माझा वरचा पुढचा दात शाळेत असताना पडला. म्हणजे जिन्याच्या कठड्यावरून घसरताना पडले मी, आणि दात तिथेच राहिला. आईने आधी रक्त पुसलं, मग पाठीत धपाटा घातला आणि संध्याकाळच्या आत माझं नाव बदलून टाकलं. खिडकी. ‘ए खिडके, भांडी आवर.’ ‘खिडकी आली का शाळेतून?’ दात नंतर बसवू म्हणाली होती. आमच्या घरातलं ‘नंतर’ म्हणजे माळ्यासारखं आहे. वर टाकलेली वस्तू परत खाली येत नाही.

पुढे मी पडद्यांच्या दुकानात नोकरीला लागले. नाव खिडकी आणि धंदा पडद्यांचा. नशिबालाही कधी कधी फाजीलपणा सुचतो. हसताना तोंडावर हात ठेवायची मला सवय, पण कापड मोजताना दोन्ही हात अडकलेले असतात. म्हणून मी गिऱ्हाइकासमोर हसायचं सोडूनच दिलं. मालक लोकांना कौतुकाने सांगतात, बाई फार कडक आहेत. कडक कसली डोंबलाची, भोक झाकत होते.

आई आता म्हातारी झाली आहे आणि विसरत चालली आहे. आधी किल्ल्या, मग गॅस, मग आपण जेवलो की नाही ते. सकाळी तिला अंघोळ घालायची, भरवायचं, समोरच्या काकूंना बसवून दुकान गाठायचं, आणि संध्याकाळी परत येऊन तेच सगळं. अंघोळ म्हणजे तर रोजची लढाई. पाणी गार आहे, पाणी गरम आहे, भाजलंस मला, जाळलंस मला. एकदा तिने तांब्या फेकून मारला. भाऊ फोनवर म्हणतो, ‘आई आहे, समजून घे.’ समजून घेण्याचं काम तो फोनवरूनच करतो.

त्यात हे ‘खिडके’. आईने माझं खरं नाव शेवटचं कधी घेतलं ते मला आठवत नाही. लहानपणी चालून गेलं. केस पांढरे झालेल्या बाईला तोंडातल्या भोकावरून हाक मारली की डोकं फिरतं. आई, नावाने हाक मार गं, असं सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या, म्हणजे उरलेल्यांच्या. ती आणखी जोरात खिडके म्हणायची.

शेवटी एक दिवस मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खुर्चीत आडवी झाले. खरं सांगते, त्या खुर्चीत मला इतकं बरं वाटलं! कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला म्हणत होतं, आडव्या व्हा, काही करू नका.

डॉक्टरीणबाईंनी आरशाने तोंडात पाहिलं. म्हणाल्या, “ब्रिज बसवू. पण त्याला दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावे लागतील. त्यांच्यावर टोप्या बसतात आणि मधला खोटा दात त्या दोघांच्या आधाराने राहतो.”

“ते दोन तर चांगले आहेत ना?”

“चांगले आहेत म्हणून तर आधार देतील.”

“म्हणजे गेलेल्याचं ओझं राहिलेल्यांनी वाहायचं,” मी म्हणाले. “आमच्या घरचीच पद्धत आहे.” त्या हसल्या. त्यांनी आरसा पुन्हा तोंडात घातला होता, म्हणून मला हसता आलं नाही. मग म्हणाल्या, “एक लक्षात ठेवा. एकदा घासलेला दात पूर्वीसारखा होत नाही. विचार करून सांगा.” विचार करायला वेळ कुणाला होता? घासा म्हटलं.

घासले, माप घेतलं, घासलेल्या दोन दातांना तात्पुरत्या टोप्या घातल्या; मधली खिडकी तेवढी उघडीच राहिली. काही दिवसांनी खरा ब्रिज तयार होऊन आला. तो त्यांनी आधी कच्च्या सिमेंटने बसवला. म्हणाल्या, “थोडे दिवस वापरून बघा. कुठे टोचतंय, उंच लागतंय, ते कळेल. मग काढून पक्का करू. पक्का केला की निघत नाही.”

रस्त्याने येताना एका बंद दुकानाच्या काचेत मी पाहिलं आणि हसले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. काचेतली बाई मला आवडली, हे सांगायला लाज कशाची?

घरी आले. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर होती. काकू नुकत्याच गेल्या होत्या. मी म्हटलं, “आई, बघ.” आणि हसून दाखवलं.

आईने पदर सारखा केला. “कोण हवंय आपल्याला?”

आपल्याला! जन्मात कधी माझ्याशी इतक्या मानाने न बोललेली बाई उठून उभी राहिली. “बसा ना. मुलगी कामावर गेलीय माझी, येईलच इतक्यात.”

“आई, मी आहे.”

“हो हो,” ती समजूतदारपणे म्हणाली. “बसा.”

पहिल्या दिवशी मी खूप खटपट केली. फोटो दाखवले, हात धरला. ती घाबरायला लागली तेव्हा सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, “तुम्ही कामाच्या बाई का?” मी थकले होते. हो म्हटलं. आणि मग जे झालं ते मला अजून नीट पचलेलं नाही. आई गुपचूप मोरीत आली. हात वर कर म्हटलं की हात वर. “पाणी छान आहे हो,” म्हणाली. पाठ पुसताना म्हणाली, “दमलात का? जरा बसा.”

दोन वर्षं मी जी विश्रांती देवाकडे मागत होते ती एका खोट्या दाताने मिळवून दिली. आता लपवून काय करायचं, मला ती हवीहवीशी वाटली. मी परकी झाले आणि सुखी झाले.

संध्याकाळी मात्र आई जेवेना. “मुलगी आल्याशिवाय नाही.” दाराशी खुर्ची ओढून बसायची. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. मी समोर ताट घेऊन उभी, आणि ती माझ्या पलीकडे दाराकडे बघत माझीच वाट पाहायची. चार घास कसेबसे घ्यायची, तेही ‘बाईंचं मन मोडायला नको’ म्हणून. असं रोज. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

एके संध्याकाळी मी तिच्या वेणीला तेल लावत होते. ती हळूच म्हणाली, “बाई, तुम्हाला एक सांगून ठेवते. मुलगी आली की मी तिच्यावर ओरडेन. तुम्ही घाबरू नका.”

“का ओरडता?”

तिने दाराकडे पाहिलं. कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली. “तिचं नाव आठवत नाही हो मला.”

मी वाटीत पुन्हा बोट बुडवलं.

“पोटची पोर. मीच ठेवलं असणार ना नाव? पण गेलं कुठेतरी. चिडलं की बरं असतं. चिडलेल्या माणसाला नाव घ्यावं लागत नाही. आणि तिचा इथला दात नाही,” आईने स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. “ते दिसलं की खिडके म्हणता येतं. तेवढं एक राहिलंय माझ्याकडे. पण तिला सांगू नका हं. फार कष्ट करते. खचेल.”

“नाही सांगत,” मी म्हणाले.

वेणी घातली. रिबीन बांधली. मला रडू आलं नाही, नुसतं जमिनीवर बसावंसं वाटलं आणि मी बसले. त्या एका शब्दासाठी मी तिच्याशी किती भांडले होते. तांब्या मारला त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, तुला मी मोलकरणीसारखी वाटते. आणि ती बिचारी रोज माझ्या तोंडाकडे बघून मला शोधून काढत होती.

मी मोरीत गेले. दार लावलं. टोपीच्या कडेला नखं घालून ब्रिज हलवत राहिले. कच्चं सिमेंट ते, पण तेही सोडेना. शेवटी कट्‌ करून तो हातात आला. घासलेल्या दोन दातांना वारा लागला आणि कळ थेट डोक्यात गेली. ब्रिज धुतला, डबीत ठेवला. मागच्या दाराने बाहेर पडले, वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि घंटा वाजवली.

आईने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आलीस का गं खिडके! ही काय वेळ झाली यायची? इथे मी उपाशी बसलेय! आणि हे काय, अजून दोन झिजवून आलीस? आईबापाने दिलेले दात तेवढेही सांभाळता येत नाहीत तुला?”

“नाही येत,” मी म्हणाले. तोंडावर हात ठेवायचं मला सुचलंच नाही.

त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. जेवताना माझ्या वाढण्याला, माझ्या केसांना, माझ्या एकंदर जन्माला नावं ठेवली. मग म्हणाली, “ती नवीन बाई चांगली आहे. काढू नकोस तिला.”

ठरलेल्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि डबी त्यांच्या हातात दिली. “सकाळी घालायचा आणि संध्याकाळी काढायचा, असं काहीतरी करून द्या.”

त्यांनी डबी उघडून पाहिली. “अहो, ही कवळी नाही. उघडे दात किडतील. असं जास्त दिवस नाही चालत.” मग मी त्यांना आईचं सांगितलं. त्यांनी आरसा पुसून ठेवला. शेवटी एक पेस्ट दिली. ही लावून बसवा, कडक, चिवट खाणं टाळा, वरचेवर दाखवत जा. जबाबदारी तुमची, हेही म्हणाल्या.

आता आमच्या घरात दोन बायका आहेत. सकाळची बाई अंघोळ घालते, तिच्याशी आई गोड बोलते. संध्याकाळी मुलगी येते, ती शिव्या खाते आणि भरवते. दोघींची कंबर एकच, आणि ती रोज दुखते.

त्या दिवशी निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, “मग पक्का कधी करायचा? अंदाजे सांगा, तसं ठेवते लक्षात.”

मी पिशवी उचलली होती, ती पुन्हा खाली ठेवली. उत्तर अगदी जिभेवर होतं. आईनंतर. तो दिवस मला नको होता. आणि मी इतकी दमलेली होते की तो मला हवाही होता.

“नंतर,” मी म्हणाले.