खडकावरचं रोप

भोरला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. मला तिची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमची वाडी भोरच्या वरच्या डोंगरात. नवरा गेला आणि उतारावरचं नाचणीचं वावर माझ्या एकटीच्या हातात राहिलं. त्यावर डोळा होता सोनबाचा. सोनबा म्हणजे माझ्या नणंदेचा, फुलाबाईचा नवरा. उत्रोलीहून घरजावई म्हणून आलेला, भातशेतीतच वाढलेला. माझे सासरे ज्ञानूबाबा शब्दाचे पक्के. त्यांनी सांगून टाकलं होतं, "साळू, यंदा लावणी झाली तर वावर तुझं. पडीक पडलं तर जावई कसंल." वावर गेलं असतं तर मला माहेरी भावजयीच्या ताटाखालचं मांजर होऊन राहावं लागलं असतं.

लावणी तोंडावर आली, पावसानं उघडीप दिली, आणि मी मीठमिरची आणायला भोरच्या बाजारी गेले. परत येऊन पाहते तो माझा तरवा, रोपांचा वाफा, मोकळा. नाचणीचं सगळं रोप उपटून खडकावर उन्हात टाकलेलं, पानांनी माना टाकलेल्या. बांधावर सोनबा उभा.

"गुरं शिरली वाटतं," तो म्हणाला.

गुरं रोप उपटून खडकावर पसरून ठेवत नाहीत, एवढं मलाही कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग रोपाकडे नीट पाहिलं, आणि तिथंच बसून कपाळ बडवत रडायला लागले, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं. कारण या शहाण्यानं भाताच्या हिशोबानं वैर साधलं होतं. भाताचं रोप असं उन्हात टाकलं की गेलं. नाचणीचं रोप मात्र आम्ही स्वतःच उपटतो आणि लावण्याआधी उन्हात मलूल होऊ देतो. ताजं रोप हाताळताना मोडतं. मलूल झालेलं नुसतं वाकतं, आणि ओल्या मातीत पडलं की नवी मुळं काढून पाणी ओढायला लागतं. कंबर मोडणारं काम सोनबानं मला फुकटात करून दिलं होतं. ते त्याला कळतं तर त्यानं रोप शेळ्यांपुढं टाकलं असतं, म्हणून मी रडले.

सोनबा खुशीत उत्रोलीला गेला, भावाचे बैल आणायला. माझं वावर नांगरायचं होतं त्याला.

त्याची पाठ वळताच मी पदर खोचला. मुळं शेणकाल्यात बुडवली, रोप सरीत आडवं टाकलं, वर माती ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी लावणी उरकली, पण पोटातली आग काही विझली नव्हती. तशीच खाली सोनबा कसायचा त्या भाताच्या खाचरात उतरले. त्याचा तरवा हिरवागार उभा होता. तो मी मूठमूठ करून उपटला, मुळांची माती झटकली आणि त्याच खडकावर नेऊन वाळत घातला. फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी सोनबा बैल घेऊन आला तेव्हा माझी नाचणी अजून जमिनीशी लोळत होती. ती पाहून तो हसला. मग त्याला खडक दिसला.

त्यानं भाताचं रोप ओढ्यात बुडवलं, चिखलात रोवलं, वर घागरी ओतल्या. पाणी पायाशी होतं, पण वाळलेली मुळं ते पिणार कशी? पानं कुरकुरीत होऊन गळली. वर उतारावर मात्र रात्री पडलेल्या पावसाच्या भुरभुरीवर माझी नाचणी उभी राहिली.

ज्ञानूबाबा आले, मागून फुलाबाई.

"साळू, ह्ये तू केलंस?"

"व्हय, मामंजी. जावईबापूंनी माझं रोप उपटून खडकावर टाकलं, म्या त्यांचं टाकलं. माझं उठलं. त्यांचं उठत न्हाई, त्याला म्या काय करू?"

ज्ञानूबाबांनी वर उतारावरची उभी नाचणी न्याहाळली. "वावर साळूचं," एवढं बोलून ते परत फिरले.

फुलाबाई रडत होती. "वैनी, आता पोरांनी काय खायाचं?"

"पोरांना माझ्याकडं धाडा, वन्सं. पोरांशी माझं वैर न्हाई. जावईबापूंना म्हणावं, माझ्या कापणीला या. राबतील तेवढी भाकर घालीन."

कापणीला तो आला. दुपारी मी त्याच्यापुढं नाचणीची भाकर ठेवली आणि शेवटचा घास गिळेपर्यंत तिथून हलले नाही.