पौषातला इलिश

आमच्या घरात एक नियम होता. दुर्गापूजेच्या अंकातली लाटूमामाची कादंबरी छापून येईपर्यंत मी वाचायची नाही. नियम यांचा. कारण तिसऱ्या प्रकरणातच मी चोर ओळखायची आणि मग यांचा आठवडाभर माझ्याशी अबोला.

हे म्हणजे सुरथ मल्लिक, हेर लाटूमामाचे जन्मदाते. कलकत्त्यात ज्या घरात शाळेत जाणारं पोर आहे तिथे लाटूमामा ठाऊक. मळकं धोतर, मोठी छत्री, खिशात मुरमुरे, आणि समोरचा माणूस सकाळी काय जेवून आला ते त्याच्या मिशीवरून सांगणारा. यांचं तसं नाही. घरात नवे पडदे लागले तर पाहुण्यांनी कौतुक केल्यावर यांना कळतं.

त्या वर्षी मात्र थट्टेला जागा नव्हती. आदल्या पूजेला यांनी ऐन शेवटी चोराला जुळा भाऊ काढून दिला आणि मुलं भडकली. संपादक मृगांकबाबू आमच्याकडे चहा पिताना म्हणाले, "सुरथदा, यंदाही असंच झालं तर लाटूमामाला काशीला पाठवू. म्हातारा निवांत राहील." हसत म्हणाले. पण मृगांकबाबू खरं बोलतात ते हसतानाच. त्या दिवसापासून हे जेवताना दुसऱ्यांदा भात मागेनात.

यांची लिहायची रीतही धन्य. पानं होतील तशी छापखान्यात जातात, शेवट यांना स्वतःलाच शेवटी सुचतो. श्रावण सरत आला तेव्हा एक प्रकरण उरलं होतं आणि ते न्यायला मृगांकबाबू बैठकीत ठाण मांडून बसले होते. बरोबर आणलेले आधीचे छापील फर्मे टेबलावर होते. छापून आले म्हणजे नियम संपला. मी वाचायला घेतले.

गोष्ट कृष्णनगरची, ऐन पौषातल्या थंडीची. फाळणीत ताटातूट झालेली क्षीरोदामावशी पूर्व बंगालातल्या विक्रमपूरहून भाच्यांकडे येते, लहानपणापासून आजवर तिकडेच राहिलेली. मग घरातली दागिन्यांची पेटी नाहीशी होते, संशय कंपाउंडरवर जातो. आणि मधेच एका प्रकरणात मावशी हौसेने मोहरी वाटून इलिश मासा करते, सगळ्यांना आग्रहाने वाढते.

मी फर्मा खाली ठेवला. "अहो, ही मावशी विक्रमपूरचीच ना?"

"अस्सल. का?"

"मग पौषात इलिश कसा रांधला तिने?"

"कसा म्हणजे? मोहरी घालून. तू मागच्या पंधरवड्यात केलास तसाच."

तेव्हा उलगडलं. त्या दुपारी इलिश पोटभर जेवून हे लिहायला बसले होते आणि ताटातला श्रावण सरळ पौषात वाढून मोकळे झाले होते.

"आमच्या पूर्व बंगालात कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश घरात येत नाही," मी म्हटलं. "येतो तो थेट माघात सरस्वतीपूजेला, जोडीने. माझ्या बारिसालला नाही, विक्रमपूरला तर नाहीच नाही."

"पण आपल्याकडे हिवाळ्यात..."

"कधी खाल्लात? आठवा."

यांनी आठवून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माणूस छताकडे बघून आठवत होता.

"तुम्हा इकडच्या घटी माणसांना चिंगडी कोळंबी मिळाली की बाकी जग बुडालं तरी कळत नाही," मी म्हटलं.

मृगांकबाबूंचा चेहरा पडला. "वहिनी, माझे निम्मे वाचक निर्वासितांच्या वसाहतींतले. त्यांच्या आज्या अंक आधी वाचतात. फर्मे छापून झालेत, आता बदलता येत नाही काही." मग हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. यांनाही. हे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं मी सासरे गेले तेव्हाच पाहिलं होतं.

मला राहवेना. फर्मा पुन्हा उचलला. "मावशीला शेवटचं कुणी पाहिलं होतं?"

"आठवत असेल असं कुणीच नाही. ताटातूट झाली तेव्हा भाचे तान्हे होते," हे पुटपुटले.

"मग ती मावशी आहे कशावरून?"

यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मृगांकबाबूंकडे पाहिलं.

"कंपाउंडरला सोडा," मी म्हटलं. "बिचाऱ्याने काही केलेलं नाही."

हे उठले ते थेट आतल्या खोलीत. एक पायताण बैठकीतच राहिलं. मृगांकबाबूंना मी दोनदा चहा दिला, मग भातही वाढला. संध्याकाळी हे पानं घेऊन आले. लाटूमामा मुरमुरे चघळत तोतया मावशीला विचारतो, "ताई, पौषात इलिश रांधणारी विक्रमपूरकरीण मी पहिल्यांदाच पाहतोय. पेटी कुठे ठेवलीत?" मृगांकबाबूंनी उभ्याउभ्या वाचलं. या खेपेला हसले नाहीत. पानं छातीशी धरून जिना उतरले.

विजयादशमीनंतर भेटीगाठींना मृगांकबाबू आईला घेऊन आले. म्हातारी मूळची विक्रमपूरची. नारळाचा लाडू मोडत यांना म्हणाली, "बाबा, इलिशच्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि नातवाला सांगितलं, ही बाई चोर आहे. तू घटी असून एवढं बारकाईने बघतोस?"

"बघावं लागतं, काकीमा," हे म्हणाले. "धंदाच तो."

मी लाडवांची ताटली पुढे सरकवली. मृगांकबाबू खिडकीबाहेर बघत होते. निघताना मात्र जिन्यात थांबले, "सुरथदा, पुढच्या पूजेचं आतापासूनच घ्या मनावर."

त्या दुपारी यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, मग तिसऱ्यांदाही. सरस्वतीपूजेला सकाळी स्वतः बाजारात जाऊन इलिशची जोडी घेऊन आले. एक ताजा होता.