डाव्या हाताची जागा

"कावेरी कुठं राहिली?" बाकावर टेकता टेकता वेंकोजीरावांनी विचारलं.

"येईल. तुम्ही आधी सुम्ने, गप बसा," भवानीबाई म्हणाल्या आणि पदर मानेभोवती घट्ट ओढून घेतला. गळा उघडा पडल्यासारखा वाटत होता. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात थोरली नव्हती.

थोरली म्हणजे सोन्याच्या पत्र्यावर उठवलेली नखाएवढी बाई. वेंकोजीरावांची पहिली बायको कावेरी लग्नानंतर अकरा महिन्यांत तापानं गेली. बिजवराला दिलेल्या पोरीनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. टी. नरसीपूरहून तिसरी शिकून आलेल्या भवानीबाईंनी हे सगळं केलं, पण मुकाट्यानं नव्हे. "घे बाई, तुझं झालं की माझं," असं सुनावून केलं. मेलेल्या माणसाशी इतकं भांडलेली बाई अख्ख्या म्हैसुरात दुसरी नसेल. नवऱ्याच्या डाव्या हाताची जागासुद्धा तिचीच. देवळात असो, बाकावर असो, भवानीबाई आपल्या कायम उजवीकडे.

तसंच चाललं असतं. पण दोन महिन्यांपासून वेंकोजीरावांना त्या ओळखू येईनाशा झाल्या. कडकोळच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला, कुठला बोल्ट कुठल्या खणात हे डोळे मिटून सांगणारा माणूस, आता बायकोला "अहो बाई, पाणी द्या" म्हणायला लागला. आणि संध्याकाळी गोकुलमच्या या बागेत आणलं की डावीकडं मान वळवून हळू आवाजात गोड गोड बोलायचा. कुणाशी? जिनं उणंपुरं वर्षभरही त्याचं केलं नाही तिच्याशी.

म्हणून आज दुपारी भवानीबाईंनी थोरली गळ्यातून काढली आणि देवघरातल्या तांदळाच्या वाटीत पुरली. सून सुष्मा दारातच थबकली.

"अत्ते, बेडा! नका काढू. तसं कुणी काढत नाही."

"एक संध्याकाळ नवऱ्याजवळ एकटीनं बसते म्हटलं, तर तुझ्या पोटात का दुखतं? एवढी एम.एस्सी. शिकलीस ती टाकाला भ्यायला?"

सुष्मानं मात्र त्या वाटीला पाठ काही दाखवली नाही.

संध्याकाळ मात्र मनासारखी मिळाली होती. दिवसभराचं ऊन उतरलं होतं. हिरवळीला नुकतंच पाणी दिलेलं, त्याचा ओला वास येत होता. योग शिकायला आलेली गोरी पोरं चटया काखोटीला मारून घरी निघाली होती. भवानीबाईंनी डबा उघडून नवऱ्याच्या हातात कलिंगडाची फोड दिली.

"खा. मी भवानी. ओळखलंत?"

"ओळखलं की," वेंकोजीराव सभ्यपणे म्हणाले. बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. आणि फोड हातातच धरून डावीकडं बघत राहिले.

भवानीबाईंनीही बघितलं. वरच्या झाडाची बारीक पिवळी पानं गळत होती आणि बाकाच्या डाव्या टोकावर त्यांचा थर साचला होता. पानं काय, रोजच गळायची. डोक्यावर पडायची, डब्यात पडायची. पण तिथं? रोज तिथं एका माणसापुरती जागा लख्ख असायची. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

तेवढ्यात मृदुला आली. पुण्याहून आलेली, रोज बागेत चालणारी पोर. बाकाशी आली की दोन शब्द बोलून पुढं जायची.

"आजी, आज दोघंच? नात नाही आली?"

"कसली नात? मला सगळे नातूच."

"मग ती कोण? हिरवी साडी, लांब वेणी. आजोबांच्या पलीकडं बसते ना रोज? मी हसते तिच्याकडं बघून, पण ती काही बोलतच नाही."

कुठं मुलं ओरडत होती, कुठं कुत्रं भुंकत होतं, पण भवानीबाईंना काही ऐकू येईना. त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"लाजते ती," त्या म्हणाल्या. "तू जा बाळ, उशीर होईल तुला."

मृदुला वळणावर दिसेनाशी झाली. भवानीबाईंनी मान वळवली तर शेजारची जागा रिकामी. वेंकोजीराव फाटकाकडं निघाले होते, भराभर, पायात चप्पल नाही. पुढं रस्ता, त्यावर सुसाट गाड्या. भवानीबाईंनी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"हात सोडा बाई." ते रडवेले झाले होते. "माझी बायको हरवली आहे. एकोणीस वर्षांची आहे ती. अंधाराला भिते."

भवानीबाईंनी नवऱ्याला हळूहळू माघारी आणलं, बसवलं, पायात चपला घातल्या. मग बाकाला वळसा घालून गेल्या, हातानं पानं लोटली आणि डावीकडं बसल्या. बाकाचा दगड गार होता. सगळा बाक दिवसभर तापलेला, तेवढाच तुकडा विहिरीतून काढल्यासारखा.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच परका वाटला. "ही काय मी. कावेरी."

वेंकोजीरावांनी त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावरची भीती पाणी ओसरावं तशी ओसरली. त्यांनी भवानीबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. असा हात त्यांनी कधी घेतला नव्हता. लांब टेकडीवर दिवे लागले.

मग वेंकोजीरावांनी उजवीकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथं एक बाई बसायची. कुठं गेली?"

"कोण बाई?"

"भवानी. तोंडाची फटकळ आहे. पण तिच्या हातचं खाऊनच जगलो मी."

'मीच ती' असं भवानीबाई म्हणाल्या असत्या, तर हातातला हात सुटला असता.

वेंकोजीरावांनी खांद्यावरच्या पंच्यानं उजवीकडची रिकामी जागा झटकली. जरा सरकून ऐसपैस केली. आणि तिकडं वाकून, अगदी हळू विचारलं, "भवानी, जेवलीस का गं?"

लग्न झाल्यापासून हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

ते कान देऊन थांबले. मग ऐकल्यासारखी मान हलवली.

"बरं," ते त्या रिकाम्या जागेला म्हणाले. "मग टेक जरा. दमली असशील."